सव्वा किलोचा, बोलणारा लॅपटॉप

सविता गर्जेचा डावा खांदा दुखायला लागला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. उजव्या हातात पांढरी काठी, म्हणून बॅग कायम डाव्या खांद्यावर. बॅगेत लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. केडगावातल्या खोलीपासून रिक्षास्टँडपर्यंत चालत, तिथून शेअर रिक्षाने नगरात, आणि उतरल्यावर पुन्हा ऑफिसपर्यंत चालत. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला एवढ्या चालण्याचं काही वाटलं नसतं, पण तो लॅपटॉप चार्जरसकट तीन किलोच्या वर होता. दहा वर्षांपूर्वी एका मंडळाने तो तिला कार्यक्रमात भेट दिला होता. स्टेजवर जितके पाहुणे होते तितक्या वेळा तिला तो स्वीकारावा लागला होता, कारण प्रत्येकाला तिच्याबरोबर वेगळा फोटो हवा होता.

डॉक्टरांनी मान दाबून पाहिली आणि नस दबल्याचं सांगितलं. "ओझं उचलायचं नाही."

"ओझं म्हणजे किती?" तिने विचारलं.

"किलो-दीड किलोच्या वर काही नको."

सविता जन्मापासून आंधळी. गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, थोरला भाऊ राधाकृष्ण त्यांच्या मागे बैलगाडीवर. आंधळ्या पोरीला फडात कुठे न्यायचं, म्हणून सहाव्या वर्षी तिला अंधशाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे ती ब्रेल शिकली, टायपिंग शिकली, टेलिफोन बोर्ड चालवायला शिकली आणि तेविसाव्या वर्षी पाटबंधाऱ्याच्या कामाशी संबंधित एका सरकारी ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली. सतरा वर्षं तिने फोन जोडून दिले. कोणत्या साहेबाला कुणाचा फोन द्यायचा नाही, हे ती आवाजावरून ओळखायची. मग सगळ्यांकडे मोबाईल आले, एक दिवस दोन माणसं येऊन बोर्ड काढून घेऊन गेली आणि सविताची खुर्ची खिडकीपाशी सरकवली गेली. नोकरी राहिली, पगार राहिला, काम तेवढं गेलं. "बसा निवांत," असं सगळे म्हणायचे. वर्षभर ती तशी बसली. त्या वर्षात ती जितकी थकली तितकी बोर्डावर कधी थकली नव्हती.

नंतर भागवत साहेब बदलून आले. त्यांनी एकदा सहज विचारलं, "तुम्हाला टायपिंग येतं ना? मग बैठकांना या. कोण काय बोललं ते टाइप करून द्या, इतिवृत्ताला उपयोगी पडेल." सविता दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आली. बैठका तालुक्यातालुक्यात असायच्या, शेतकऱ्यांच्या, पाण्याच्या पाळ्यांच्या. कधी साहेबांच्या गाडीत जागा असायची, कधी एसटीने जावं लागायचं. काम मिळालं होतं, म्हणून खांद्याविषयी ती साहेबांकडे काही बोलली नाही.

लॅपटॉप हलका हवा, हे डॉक्टरांनी सांगितलं. तो विंडोजऐवजी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा हवा, हे रंगनाथमुळे ठरलेलं होतं. रंगनाथ तिचा अंधशाळेतला वर्गमित्र, आता कोल्हारला झेरॉक्सचं दुकान चालवायचा. दुकानात डोळसपणाचं काम त्याची बायको बघायची, बाकीचं तो. सविताच्या जुन्या लॅपटॉपमधलं विंडोज म्हातारं झालं होतं. बटण दाबलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज यायला पाच सेकंद लागायचे, आणि एकदा तर भर बैठकीत ते स्वतःच अपडेट व्हायला लागलं आणि पाऊण तास गप्प बसलं. तेव्हा रंगनाथने तिला पोस्टाने एक पेन ड्राइव्ह पाठवला आणि फोनवर सांगत सांगत लिनक्स टाकून घेतलं. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं, की विंडोजचं बटण, आल्ट आणि एस अशी तीन बटणं एकदम दाबायची. मशीन बोलायला लागतं, आणि पुढचं सगळं ऐकत ऐकत आपलं आपल्याला करता येतं. सुरुवातीचा मेनू शेजारणीने वाचला, तेवढं सोडलं तर त्या दिवशी पहिल्यांदा सविताने कुणाचे डोळे उसने न घेता स्वतःचं मशीन स्वतः तयार केलं होतं. त्यातला मराठी आवाज अगदी सपाट होता, पत्र्यावर कुणी बोलतंय असा. पण तो लगेच यायचा.

"नवीन चकचकीत घेऊ नको," रंगनाथने बजावलं. "कंपन्यांमधून निघालेली जुनी छोटी मशीनं असतात, बारा इंची, तीन-चार वर्षं वापरलेली. त्यात लिनक्स नीट चालतं. आणि आधी आवाज तपास. वायफाय नंतर बघता येईल, ते बाहेरूनही जोडता येतं."

सविताने ते अर्धंच ऐकलं. जुनं घ्यायचं म्हणजे दुकानं फिरायची, आणि दुकानं फिरायची तिला ताकद नव्हती. तिने मोबाईलवरूनच मागवलं. मोबाईल तिला एकेक लॅपटॉप वाचून दाखवायचा. त्यात रंग असायचा, स्क्रीन असायची, पुन्हा रंग, आणि वजन शेवटी कुठेतरी. तिने एक किलोचा, सगळ्यात हलका निवडला.

तो आला तेव्हा हातात धरून ती क्षणभर खूश झाली. शाळेतल्या पाटीसारखा होता. शेजारणीला बोलावून तिने सुरुवातीचा मेनू वाचून घेतला, कारण तेवढा भाग कोणतंच मशीन बोलून दाखवत नाही. पेन ड्राइव्ह चालू झाला. तिने तीन बटणं दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. हेडफोन लावून दाबली. दोन संध्याकाळी रंगनाथ फोनवर होता, हे दाब, ते दाब, आता पुन्हा चालू कर. शेवटी त्याने सुस्कारा सोडला.

"मुका आहे गं हा. ह्यातली आवाजाची चिप लिनक्सला कळत नाही. डोळसांचं काय, ते म्हणतील आवाज नाही तर नाही, बाकी चालतंय ना. आपलं तेच तर सगळं आहे."

"विंडोज ठेवू का ह्यात?"

"एवढ्याशा मेमरीत ते जुन्यापेक्षा हळू चालेल. परत दे."

परत द्यायलाही कारण निवडावं लागत होतं. फुटलाय का, रंग वेगळा आलाय का, सुरू होत नाही का. यातलं काहीच झालं नव्हतं. तिने सुरू होत नाही हे निवडलं. न्यायला आलेल्या माणसाने दारातच बटण दाबून बघितलं. "चालू तर आहे की ताई, उजेड पडतोय." सविताने त्याला सगळं समजावून सांगितलं. आयुष्यभर तिने असं समजावून सांगितलं होतं; रिक्षावाल्याला, बँकेतल्या बाईला, एटीएमच्या रखवालदाराला. माणूस बरा होता, त्याने लॅपटॉप नेला.

रविवारी राधाकृष्णचा गावाहून फोन आला. तिने बोलता बोलता हे सांगितलं.

"कशाला जिवाला ताप करून घेती सवे," तो म्हणाला. "पगार चालू हाय ना? ऑफिसात निवांत बसायचं. तुला कोन म्हनतं काम कर म्हनून?"

तो मायेनेच म्हणाला होता. तिच्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची शाळा सोडलेली होती, आणि बहीण सावलीत बसून पगार घेते ह्याचा त्याला आनंद होता. सविता म्हणाली, "हो दादा," आणि पोरांची चौकशी केली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, खरंच, कोण म्हणतं काम कर म्हणून? त्यानंतर महिनाभर तिने लॅपटॉपचा विषय काढला नाही. रंगनाथने दोनदा विचारलं, तिने बघते म्हणून सोडून दिलं. जुनाच लॅपटॉप घेऊन ती जात राहिली आणि घरी आल्यावर खांद्याला मलम लावत राहिली.

मग कोल्हारच्या बैठकीचं पत्र आलं. साहेबांच्या गाडीत जागा नव्हती, एसटीने यावं लागेल, असंही तोंडी कळवलं गेलं. सविता दुपारी डबा खाऊन मान डावीकडे-उजवीकडे वळवत बसली होती, तेव्हा छबूबाई भांडी उचलायला आल्या. छबूबाई ऑफिसात शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेलं.

"ताई, लई दुखतंय का?"

"नेहमीचंच."

"त्यो हलका घेनार हुता त्याचं काय झालं?"

सविताने सांगितलं. छबूबाईंना लिनक्स कळलं नाही, मुका कळलं. "शनवारी सुट्टी हाय," त्या म्हणाल्या. "मी येते. दोन दुकानं फिरू, मंग बघू."

शनिवारी आधी त्या सावेडीतल्या मोठ्या शोरूममध्ये गेल्या. एसीचा वारा, गुळगुळीत फरशी, मंद गाणी. विक्रेता छबूबाईंशी बोलू लागला. "मॅडम, डिस्प्ले बघा. रंग किती खुलून दिसतात. ह्यांना कशासाठी हवाय?"

"त्यांना इचारा," छबूबाई म्हणाल्या.

सविताने पेन ड्राइव्ह पुढे केला आणि एकदा लावून बघायचंय म्हणून सांगितलं. विक्रेता आत जाऊन विचारून आला. नव्या मशीनला बाहेरचं काही लावता येणार नाही, विकत घेतल्यावर लावा, मग परत मात्र होणार नाही. सविता उठली. एक मुका लॅपटॉप परत देऊन झाला होता, दुसरा द्यायचं तिच्यात त्राण नव्हतं.

दुसरं दुकान जुन्या लॅपटॉपचं, एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात. अकरा पायऱ्या, कठड्याशिवायच्या. दुकानदार हर्षल तिशीचा असावा, आवाजावरून सर्दी झालेला. त्यानेही पहिला प्रश्न छबूबाईंनाच विचारला, पण पेन ड्राइव्हला हरकत घेतली नाही. "लावा की. बिघडण्यासारखं काही राहिलेलंच नाही ह्यांच्यात."

पहिला लॅपटॉप सविताने उचलला आणि लगेच खाली ठेवला. जड होता. दुसरा हलका होता. तिने झाकण उघडून बोटं फिरवली. एफ आणि जेवरचे बारीक उंचवटे लागले. वरच्या कोपऱ्यात होम आणि एंड वेगवेगळे होते. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला उडी मारायला तिला ते लागायचेच. हर्षल आत फोनवर बोलत होता, म्हणून मेनू छबूबाईंनी वाचला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं त्यांना एसटीच्या नंबरप्लेटवरून आलेली.

"वरून तिसऱ्या वळीवर यू हाय, यस हाय, बी हाय."

"निवड दाखवणारी पांढरी पट्टी कुठे आहे?"

"पयल्या वळीवर."

सविताने खालचा बाण दोनदा दाबला, एंटर दाबला, दीड मिनिट थांबली आणि तीन बटणं दाबली. शांतता. हर्षल तोवर बाहेर आला होता. "आवाज ना? येईल नंतर, बघू काहीतरी टाकून." सविताने झाकण बंद केलं. नंतर येईल, हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

"अजून एखादा छोटा आहे का?"

"एक आहे, पण तो दाखवण्यासारखा नाही. स्क्रीनवर पिवळा डाग पडलाय. अर्ध्यापर्यंत आलाय. गिऱ्हाईक बघताच नको म्हणतं."

"वजन किती?"

हर्षलने तो काढून आणला आणि पार्सलच्या काट्यावर ठेवला. सव्वा किलो.

त्याचे कोपरे घासलेले होते, झाकणावर कुठल्याशा कंपनीचं स्टिकर खरवडल्याचा चिकटा होता. बटणं मात्र खोलगट, बोटाखाली नीट बसणारी. छबूबाईंनी पुन्हा मेनू वाचला; ह्याच्यात यू, यस, बी सगळ्यात खाली होतं. सविताने तीन बटणं दाबली. एक सेकंद गेला, आणि त्या सपाट, पत्र्यासारख्या आवाजाने सांगितलं, "स्क्रीन रीडर ऑन."

"बोलला," छबूबाई म्हणाल्या.

हर्षल काउंटरला वळसा घालून जवळ आला. "हे तुम्हाला सगळं ऐकू येतं? म्हणजे टायपिंग वगैरे?" पहिल्यांदाच तो थेट सविताशी बोलत होता. तिने एक ओळ टाइप करून त्याला ऐकवली. तिला आनंद झाला होता, पण तो दाखवायला लागणारा उत्साह सकाळपासून संपत आलेला होता.

"त्या डागाचे किती कमी करता?" तिने विचारलं.

"तुम्हाला डागाचा काय..." हर्षल बोलता बोलता थांबला. "बरं. करतो कमी."

बॅटरी पूर्ण भरलेली आहे, चार तास जाते, असं तो म्हणाला. सविता म्हणाली, मी इथे बसून बघते. छबूबाई भाजी घेऊन आल्या, चहा झाला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ती टाइप करत राहिली आणि अधूनमधून मशीनला विचारत राहिली. तासाभराने ते म्हणालं, बॅटरी चोपन्न टक्के. म्हणजे दोन तास, चार नाहीत. हर्षलने वाद घातला नाही. तशाच एका बंद मशीनची बॅटरी काढून ह्यात बसवून दिली. आणखी एक तास बसून तिने तीही तपासली, आणि लॅपटॉप घेतला. पायऱ्या चढताना छबूबाईंनी विचारलं, "आता बरं वाटतंय का?" सविता म्हणाली, "घरी जाऊन झोपावंसं वाटतंय." छबूबाई हसल्या. त्यांचेही पाय दुखत होते.

कोल्हारची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. सविता एसटीने दहाला पोचली. खांद्याला बॅग जाणवत नव्हती, इतकी की उतरताना तिने ती आहे ना म्हणून चाचपून पाहिली. बैठकीत नेहमीप्रमाणे सगळे एकदम बोलत होते. कालव्याचं पाणी कुणाला किती दिवस मिळालं, कुणी वरच्या वर वळवलं. सविता एका कानात मशीनचा आवाज ठेवून टाइप करत होती. मागून एका म्हातारीचा आवाज आला, गलक्यात नीट ऐकू न येणारा. पोटचारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, अगदी शेवटाला, टेलला, राहणाऱ्या राहीबाई.

"सहा दिस पानी सोडलं म्हनून तुमी सांगता. आमच्या चारीला एक रात सुदीक न्हाई आलं. टेलच्या मानसांनी पाहणीचा कागद खावा का?"

काही लोक हसले. भागवत साहेब म्हणाले, "मावशी, नोंद घेतलीय," आणि पुढचा विषय काढला.

बैठक संपल्यावर साहेब सविताजवळ आले. "दमला असाल मॅडम. आज मेल करायची घाई करू नका. इतिवृत्त मी ऑफिसातून करूनच आणलं होतं, आता सह्या घेतोय."

सविताला आधी कळलं नाही. "बैठकीच्या आधीच?"

"ठरलेलं असतं ना सगळं. उगाच वेळ जातो."

"मग मागच्या बैठकांचं मी दिलेलं?"

"ते आहे की, संदर्भाला. तुम्ही छानच करता." साहेबांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

सविता लॅपटॉप तसाच मांडीवर ठेवून बसून राहिली. तीन वर्षांत तिने किती पानं टाइप केली होती, हे तिला माहीत होतं. मशीन मोजून सांगायचं. ती साहेबांवर चिडली नाही. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी तिला खुर्चीतून उठवलं होतं. खुर्चीत बसवण्याचीच ती जरा बरी तऱ्हा होती, इतकंच. तिला राधाकृष्णचं बोलणं आठवलं, आणि त्याला फोन करून तुझंच खरं होतं म्हणून सांगून टाकावं असंही वाटलं.

"बाई, तुमीच लिवीत हुता ना?" राहीबाई शेजारी येऊन उभ्या होत्या. "मपलं लिवलं का?"

"लिहिलंय."

"काय लिवलं?"

सविताने हेडफोन काढला आणि ती ओळ शोधून मशीनला वाचायला लावली. सपाट आवाजात राहीबाईंचं बोलणं सभागृहात उमटलं. एक रात सुदीक न्हाई आलं, टेलच्या मानसांनी पाहणीचा कागद खावा का. राहीबाई वाकून ऐकत होत्या.

"पाहनीचा न्हाई म्हनले मी," त्या म्हणाल्या. "पान्याचा कागद म्हनले. पान्याचा कागद खावा का."

"चुकलं माझं." सविताने शब्द बदलला आणि पुन्हा ऐकवलं.

"व्हय. आता बराबर." मग थोड्या वेळाने, "ह्याचा कागद भेटंल का मला?"

सविता त्यांना घेऊन रंगनाथच्या दुकानावर गेली. त्याच्या बायकोने दोन पानं छापून दिली. राहीबाईंनी शिक्का कुठे आहे ते विचारलं. शिक्का नाही, सही नाही, हे ऑफिसचं इतिवृत्त नाही, असं सविताने सांगितलं. तुम्ही बोललात ते लिहिलंय, एवढंच. राहीबाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि पैसे द्यायला लागल्या. रंगनाथने घेतले नाहीत.

सविता बसची वाट बघत असताना रंगनाथने नवा लॅपटॉप हातात घेऊन चाचपला, बटणं दाबून पाहिली, बिजागरी हलवून पाहिली. "चांगला घेतलास," तो म्हणाला. "कडा जरा तासल्यात." साहेबांचं तिने त्याला सांगितलं. त्याने झाकण बंद करून लॅपटॉप तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "चहा सांगू का अजून?"

दीड महिन्याने राहीबाईंच्या चारीवरच्या अकरा जणांनी ऑफिसला अर्ज दिला, सोबत ती दोन पानं जोडलेली. भागवत साहेबांनी सविताला बोलावून विचारलं, हे तुम्ही दिलं का. तिने हो म्हटलं, बैठक जाहीर होती असंही म्हटलं. साहेबांनी पेन टेबलावर वाजवलं आणि पुढच्या वेळी देण्याआधी दाखवत जा म्हणाले. अर्ज कुठल्यातरी फाइलला लागला. पुढच्या पाळीला पाणी टेलला पोचलं की नाही, हे सविताला कळलं नाही. मान आता कमी दुखत होती, दमणूक होती तेवढीच होती. राहुरीच्या बैठकीचं पत्र आलं तेव्हा तिने छबूबाईंना वाचायला दिलं आणि एसटी किती वाजता आहे तेवढं विचारून घेतलं.